लाल ठिपक्याच्या पुढे नाही

कुसुमवहिनी गेल्याचं नीताने मला सांगितलं ते कानाशी येऊन, जवळजवळ कुजबुजत. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आजूबाजूला माणसं मोठमोठ्याने बोलत होती, आणि ही पोरगी आईच्या मरणाची बातमी देत होती ती शेजारी कुणी झोपलेलं असावं अशा बेताने. त्या घराची रीतच ती. धुरींच्या घरात गेली काही वर्षं मोठा आवाज चालत नसे. त्याआधीची वर्षं मात्र वेगळी होती... आणि ती सांगितल्याशिवाय कुसुमवहिनी कोण होत्या हे सांगता येणार नाही. पन्नाशीही गाठली नाही त्यांनी. मूत्रपिंडं कामातून गेली. डॉक्टरांनी नीताला विचारलं होतं, "आई पूर्वी कधी कंबरेवर जोरात पडल्या होत्या का?" नीता म्हणाली, "आई पडली नव्हती." डॉक्टरांनी मान खाली घालून पुढचं लिहिलं. मला हे तिने नंतर सांगितलं, आणि आता कित्येक आठवडे झाले तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवी कोरी इमारत, भिंतींना अजून चुन्याचा वास, खिडकीतून थेट खाडी. मी आणि माझा नवरा सुधाकर एका खोलीत, आणि मधल्या पातळ भिंतीपलीकडे अनंत धुरी आणि कुसुमवहिनी. अनंतराव जवळच्या पावणे गावातल्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. उंच, देखणे, आणि गळा असा गोड की गुणगुणले तरी जिन्यातली माणसं थांबत. त्यांच्याकडे लाकडी कॅबिनेटचा मोठा रेडिओ होता. रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की अर्धा तास साठच्या दशकातली गाणी लागत, फक्त रविवारी नसत. आमच्या तारुण्यातली गाणी ती! ट्रान्झिस्टर सगळ्यांकडेच होते, पण आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात वहिनींनी दार वाजवलं. "आमच्याकडे या ना ऐकायला. आमच्या सेटवर खरखर येत नाही."

असं आमचं मंडळ जमलं. आम्ही दोघं, वरच्या मजल्यावरचे गणिताचे प्रधान सर, आणि अनंतरावांच्याच कंपनीत मशीनवर काम करणारा बाळाराम. बाळाराम मूळचा इथलाच, शिरवणे गावचा, रेड्यासारखा ताकदीचा, आणि गाण्याचा इतका वेडा की रोज सायकल मारत वाशीला यायचा. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, पण गप्पा त्याच्या तिप्पट. शेवटचा अंतरा कापून जाहिरात लावली की प्रधान सर निवेदकाला अशा शिव्या घालत की वर्गातल्या पोरांनी कानांवर हात ठेवले असते. सुरुवातीचा तुकडा बासरीचा की क्लॅरिनेटचा यावरून सुधाकर आणि बाळाराम हमरीतुमरीवर येत. "ओ साहेब, बासरी हाय ती! आमच्या आजाची बासरी मी ऐकलीय, मना नका सांगू." अनंतराव मधोमध बसून मंद हसत, आणि मग ती ओळ स्वतः गाऊन दाखवत. मग कुणाची काय बिशाद बोलायची.

या सगळ्या गप्पांना फोडणी घालायचं काम वहिनींचं. विषय थंडावला, कुणी चपला शोधू लागलं, की त्या स्वयंपाकघराच्या दारातून विचारत, "अहो, पण दुसरं गाणं म्हणणारी बाई ती मागच्या आठवड्यातलीच का?" झालं! प्रधान सर पुन्हा बैठक मारत. पुन्हा चहा. एकदा त्यांनी असंच विचारलं, तर सुधाकर पोट धरून हसायला लागला. "वहिनी, अहो आज एकही बाई गायली नाही! चारही गाणी पुरुषांची!" आम्ही सगळेच हसलो. वहिनीही हसल्या, पण त्यांचे डोळे अनंतरावांवर होते. मला वाटलं, नवऱ्यासमोर फजिती झाली म्हणून लाजल्या असतील. बायकोने नवऱ्याकडे बघितलं की लाजली असंच आपण धरून चालतो, काय करणार.

एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून शेतकऱ्यांसाठीचं भाषण ऐकू यायला लागलं. भातावर करपा पडला तर काय फवारावं, हे असं ठणाणा सांगत होते की आमच्या फडताळातल्या कपबशा थरथरत होत्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. बाळारामला सांगितलं तर तो म्हणाला, "आमची जमीन या नव्या शहरात गेली, आमी नाय ऐकत. ह्याला कशाला भाताचा करपा?" मी हसले. पण तिसऱ्या खेपेला भाषणातला माणूस श्वास घ्यायला थांबला, आणि तेवढ्या फटीतून मला दुसरा आवाज आला. ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. पुन्हा. पुन्हा. मग भाषण सुरू झालं.

मी गेले आणि दार वाजवलं. अनंतरावांनी उघडलं. कपाळावर घाम, तोंडावर तेच गोड हसू. "काय वहिनी, आवाज जास्त झाला का? कमी करतो हं." आणि खरंच कमी केला. दुसऱ्या दिवशी वहिनींचं मनगट फडक्यात बांधलेलं होतं आणि ओठ फुटून एक दात हलत होता. मोरीत पाय घसरला म्हणे. मी त्यांना गच्चीवर कपडे वाळत घालताना गाठलं. त्या ओली साडी झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, दार वाजवू नका. तुम्ही गेल्यावर मग जास्त होतं. यायचं तर बसायला या... आणि उशिरा निघा. पहिल्या पाळीचं उठायचं असतं ना, नऊ वाजले की त्यांचे डोळे मिटायला लागतात. तेवढं निभलं की झालं." नीताला कोकणात मामाकडे शिकायला ठेवलं होतं, तेही तिथली शाळा चांगली म्हणून नव्हे, हे मला त्या गच्चीवर कळलं.

पोलिसात जाऊ म्हटलं. त्यांनी माझा हात धरला तो असा घट्ट की वळ उठला. "ते हसून बोलतील, पोलीसपण हसतील, आणि मला घरीच यायचंय." मला त्या माणसाचा इतका संताप आला की माझेच दात एकमेकांवर घासत होते. तरी संध्याकाळी मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि बासरी की क्लॅरिनेट यावर बोलले. सुधाकरला सांगितलं, त्याने बाकीच्या दोघांना. बाळाराम ऐकून पायरीवर मटकन बसला. "गला इतका गोड असलेला मानूस..." एवढंच बोलला. त्या दिवसापासून आमचं रसिक मंडळ राहिलं नाही, पहारा झाला. मुद्दाम वाद उकरून काढायचे. मुद्दाम चुकीचा संगीतकार सांगायचा, म्हणजे प्रधान सर तावातावाने दुरुस्त करतील. अनंतरावांना गायला लावायचं, आणखी एक, आणखी एक, त्यांचे डोळे जड होईपर्यंत. त्यांच्या गळ्याला दाद देताना जीभ कडू व्हायची. रविवारी पत्त्यांचा डाव काढायचा. वर्षानुवर्षं आम्ही हे केलं, आणि तरीही एखादा दिवस सुटायचाच. कुणी गावाला, कुणी आजारी... आणि भिंतीपलीकडे रेडिओ चढायचा. एकदा तिच्या पाठीत पितळी तांब्या घातला होता. एकदा केसांना धरून ओट्यावर डोकं आपटलं होतं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे म्हणत, त्यांच्या घरातलं आहे.

मग ते दिवस आले. देशातलं फार मोठं माणूस गेलं, दुकानं पटापट बंद झाली, पावण्याच्या कंपन्यांनी कामगारांना घरी पाठवलं, आणि रेडिओवरची गाणी थांबली. दुखवट्यात फक्त सारंगी आणि सनई, दिवसभर. आम्ही सगळे सुन्न होतो. संध्याकाळ झाली, कार्यक्रमाची वेळ झाली, पण गाणीच नाहीत तर बैठक कसली? कुणी उठलं नाही. भिंतीपलीकडे सारंगी चालली होती, हळूहळू ती चढत गेली. जिन्यातून जाणारे एक गृहस्थ सुधाकरला म्हणाले, "धुरींना फारच लागलेलं दिसतंय हो. कसा आवाज मोठा करून ऐकतायत बिचारे!"

मी तशीच उठले. दाराशी आले तर बाळाराम सायकल लावून जिना चढत होता. "कार्यक्रम नाय तं नाय, चाय तं हाय," असं काहीतरी बोलत होता तो, आणि त्याने तो आवाज ऐकला. सुधाकरने दार वाजवलं, मी वाजवलं, वरून प्रधान सर धावत आले. आत फक्त सारंगी. मग बाळारामने आम्हाला बाजूला सारलं आणि खांदा घातला. दुसऱ्या धक्क्याला कडी उखडली.

वहिनी ओट्याखाली पडल्या होत्या. डोळा सुजून बंद, नाकातून रक्त, चुन्याच्या भिंतीवर पंजा ओढल्यासारखा लाल पट्टा. अनंतराव चामड्याचा पट्टा बक्कल मोकळं ठेवून हाताला गुंडाळून लाथा घालत होता. कंबरेत. नेमक्या. घाई नाही, आरडाओरडा नाही. बाळारामने त्याला मागून उचललं आणि कपाटावर फेकलं. काचा फुटल्या. तो उठला तोच ओट्यावरची विळी घेऊन. विळीचं पातं बाळारामच्या दंडात गेलं, सुधाकर मध्ये पडला त्याच्या तोंडावर बक्कल बसलं, प्रधान सर नुसते ओरडत होते, आणि त्यांचं ओरडणंसुद्धा सारंगीत बुडत होतं.

तेवढ्यात सारंगी बंद झाली.

वहिनी उठल्या होत्या. भिंतीला धरून त्या रेडिओपर्यंत गेल्या होत्या, आणि तो अवजड लाकडी रेडिओ त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, वायरसकट, पिनसकट. अनंतराव वळला. विळीचा हात वर होता. तिने रेडिओ त्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, सुकं लाकूड मोडल्यासारखा. विळी पडली. तिने पुन्हा घातला, खांद्यावर. मग तो खाली बसला आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडायला लागला. मला दया आली नाही. आजही येत नाही. वहिनींनी रेडिओ फळीवर जागच्या जागी ठेवला, पदराने नाकाखालचं रक्त पुसलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसा ना. चहा टाकते."

आणि आम्ही बसलो. फुटलेल्या काचांमध्ये. दुसरं काय करावं हे कुणालाच सुचलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी अनंतरावाला विचारलं, हात कशाने मोडला? "रेडिओ अंगावर पडला," तो म्हणाला. खोटं बोलायची पाळी आता त्याची होती. बाळाराम दंडाला टाके घालून घेत शेजारीच बसला होता. "घरी नाय जायचा तू," त्याने शांतपणे सांगितलं. "परत त्या जिन्यात दिसलास तं दुसरा हात मी तोडनार." तो परत आला नाही. काही दिवस पावण्याला कुणाच्या तरी खोलीवर राहिला, मग नोकरी सोडून कुठे गेला ते आम्ही विचारलं नाही. नीता मामाकडून आईजवळ आली. वहिनींनी शिवणाचं मशीन घेतलं आणि आमच्या सगळ्यांचे ब्लाउज बिघडवत बिघडवत शिकल्या.

दुखवटा संपला, गाणी परत सुरू झाली. रेडिओचा एक कोपरा चेपला होता, मागची पाठ सुतळीने बांधली होती, पण चालत होता. पहिल्या संध्याकाळी आम्ही गेलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत, येऊन आमच्यात बसल्या. गाणं लागलं. सुधाकरने मांडीवर ठेका धरला. गाणं संपलं तरी वहिनी रेडिओकडेच बघत होत्या.

"हे नवीन लावलं का हो आज?" त्यांनी विचारलं.

प्रधान सर हसले. "वहिनी, हे तर वर्षानुवर्षं लागतंय. याच्यावरून आपण किती भांडलो!"

"मी ऐकलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझे कान दुसरीकडे असायचे."

बाळाराम उठून गॅलरीत गेला आणि खाडीकडे तोंड करून उभा राहिला. इतकी वर्षं गाणी तिच्या घरात वाजत होती, आणि तिने एकही ऐकलं नव्हतं. ती फक्त त्याचा श्वास ऐकत होती.

त्याच आठवड्यात त्यांनी नीताच्या नेलपॉलिशने रेडिओच्या आवाजाच्या बटणाशेजारी एक लाल ठिपका काढला. फार खाली, अगदी सुरुवातीला. "त्याच्या पुढे न्यायचं नाही हं," असं आम्हाला सांगितलं. तेवढ्या आवाजात ऐकायचं तर रेडिओला चिकटून बसावं लागे. आमची डोकी एकमेकांना लागत. प्रधान सरांना नीट ऐकू येईनासं झालं होतं, तरी त्यांनी कधी बटणाला हात लावला नाही. वहिनी मात्र एकेक गाणं असं ऐकत, जणू त्यांच्यासाठीच आज पहिल्यांदा कुणी गायलंय. पुढे घरोघरी टीव्ही आले, मंडळ विरळ झालं, पण त्या आजारी पडेपर्यंत आम्ही जमत राहिलो. बासरीच होती ती, असं त्यांनी शेवटी ठरवून टाकलं. बाळाराम जिंकला.

तेरावा झाल्यावर नीताने रेडिओ माझ्या हातात दिला. म्हणाली, "आईने तुमच्यासाठी सांगून ठेवलंय." परवा संध्याकाळी आम्ही त्याच्याभोवती बसलो. मी, सुधाकर, बाळाराम, प्रधान सर, आणि वहिनींच्या जागेवर नीता. बटण मी ठिपक्यापर्यंत फिरवलं आणि हात मागे घेतला. खाली रस्त्यावर कुणाच्या लग्नाची वरात चालली होती, बँडच्या गोंगाटात गाण्याचा एक शब्द धड कळेना. आम्ही आणखी पुढे सरकलो, डोकी आणखी जवळ आणली. आवाज मात्र कुणी वाढवला नाही.