वेसकरांची पाटी

सिंगापुरातल्या बेडोकच्या त्या ब्लॉकमध्ये शांताबाई वेसकरांना ओळखत नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. रोज सकाळी पिशवी घेऊन नवव्या मजल्यावरून खाली उतरायचं, मार्केटात धड मेथी मिळत नाही म्हणून कुरकुरायचं, आणि मग खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरात बसून कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायची, हा त्यांचा नेम. त्यांना चिनी येत नव्हती, शेजारच्या मिसेस टॅन आजींना मराठी येत नव्हती, तरी दोघींच्या गप्पा कोपी गार होईपर्यंत चालत. कुणी नवीन भेटलं की बाई स्वच्छ इंग्रजीत ओळख करून देत, "शांता अर्जुन वेसकर. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस." यातला एकही शब्द त्या गाळत नसत. आडनावावर तर जरा जास्तच जोर द्यायच्या.

आता वेसकर म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण हल्लीच्या पोरांना वेसही ठाऊक नसते, म्हणून सांगून टाकते. वेस म्हणजे गावाचा दरवाजा. तो उघडायचा, लावायचा, आला-गेला कोण ते बघायचं, रात्री काठी घेऊन जागायचं, हे काम ज्या महाराकडे असे तो वेसकर. गावाची राखण त्यानं करायची आणि राहायचं मात्र गावाबाहेर. मोबदला काय, तर दारोदार मागून आणलेली भाकरी. शांताबाईंच्या सासऱ्यांनी, सखारामबुवांनी, ती काठी टाकली, धम्म घेतला आणि मुलाला औरंगाबादेत शाळेत घातलं. तो मुलगा म्हणजे अर्जुनराव, बाईंचे यजमान. पुढे बऱ्याच नातलगांनी आडनावं बदलली. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली की माणूस काय करणार? पण अर्जुनराव हटले नाहीत. "काम सोडलं, भाकरी मागणं सोडलं," ते म्हणायचे, "नाव का सोडू? नावानं कुणाचं काय चोरलंय?" आणि पहिल्या पगारातून त्यांनी पितळेची पाटी करून घेतली. अर्जुन सखाराम वेसकर, बी. ए., बी. टी.

अर्जुनराव गेले, औरंगाबादचं घर विकलं, तेव्हा बाईंनी ती पाटी स्वतः स्क्रू काढून उतरवली आणि नऊवारीत गुंडाळून सिंगापूरला आणली. मुलगा प्रबोध म्हणाला, "आई, HDBच्या सरकारी फ्लॅटला अशी पाटी लावलेली चालत नाही." समोरच्या दारावर लाल-सोनेरी कागद होते, पलीकडे उदबत्त्यांचा देव्हारा होता, कॉरिडॉरभर कुंड्या आणि सायकली होत्या. सगळं चालत होतं, एक पाटी तेवढी चालत नव्हती. बाईंनी सारी हयात शाळेतली कार्टी सांभाळण्यात घालवलेली. थाप ओळखू येत नाही असं थोडंच आहे? पण परमुलखात मुलाचा संसार, असेल त्याची काही अडचण, म्हणून त्यांनी पाटी कपाटात ठेवली. दर रविवारी चिंच लावून घासायच्या मात्र न चुकता.

हे असं चाललं होतं, आणि २००७ साली घरात नवीन टूम निघाली.

प्रबोध जुरोंग ईस्टच्या एका जर्मन कंपनीत इंजिनिअर. त्याला, बायकोला आणि मुलीला सिंगापूरचं नागरिकत्व मिळायचं होतं. एका संध्याकाळी चहाचा कप हातात धरून, आईकडे न बघता तो म्हणाला, "नवीन ओळखपत्रं येतायत, तर नावंही सुटसुटीत करून घेऊ म्हणतो. इथले तमिळ लोक आडनाव लावतच नाहीत, वडिलांचं नाव लावतात. मी प्रबोध अर्जुन. बाबांचंच नाव राहील की."

"आणि वेसकर?"

"लोकांना म्हणायला जड जातं गं."

"सुब्रमण्यम म्हणता येतं त्यांना, आणि वेसकरला काय काटे आहेत?"

सून एकता हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. प्रबोध हसला नाही. सोमवारी वकिलाकडे जायचं ठरलंय, एवढं बोलून तो उठला. बाई तशाच बसून राहिल्या. मुलगा मोठा हुशार. बापाचंच नाव पुढे केलं, आता आई तोंड उघडणार कशी? पुतण्या निशिकांत नागपुरात गॅझेटमध्ये नवं आडनाव छापून कधीच दुसरा कुणी झाला होता. आता सोमवारी हेही गेलं की त्या घराण्यात वेसकर म्हणून एकट्या शांताबाई उरणार होत्या, आणि त्या काही अमरपट्टा घेऊन आल्या नव्हत्या. त्यांना फार वाईट वाटलं. मिसेस टॅनशीही त्या दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

शुक्रवारी क्लाउस थोरवार्ट जेवायला आले. हे प्रबोधचे साहेब, उंच, लालबुंद, साठीला आलेले. महिनाअखेरीस कायमचे जर्मनीला परत चालले होते, म्हणून निरोपाचं जेवण. बाईंनी भरीत केलं होतं, ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या होत्या, आणि साहेबांना झेपेल न झेपेल याचा विचार न करता रस्सा केला होता. साहेब घामाघूम झाले, पण दुसऱ्यांदा मागून घेतला. तेवढ्यावर बाईंच्या मनात त्यांनी जागा मिळवली.

जेवता जेवता साहेबांनी खिशातून घडी घातलेला जर्मनीचा नकाशा काढला. जिल्ह्या-जिल्ह्यांवर निळे ठिपके.

"हा माझा नाद," ते इंग्रजीत म्हणाले. "टेलिफोन डिरेक्टरीवरून कंप्यूटर असा नकाशा काढून देतो. आपलं आडनाव टाकायचं, कुठे किती घरं आहेत ते दिसतं. म्युलर टाकलं तर सगळा देश निळा होतो. आम्ही बघा, चिमूटभर. इथे थोडे, इथे थोडे, खाली एखाददुसरा. माझ्या शहरात तर मी एकटा."

"मग वाईट नाही वाटत?" राणीनं विचारलं. राणी म्हणजे नात, बारा वर्षांची, तिखट.

"छे. म्युलरला कुणीही विचारत नाही तू कुठला. मला सगळे विचारतात." साहेब खुशीत आले होते. "थोर म्हणजे दरवाजा, वार्ट म्हणजे राखणारा. जुन्या काळी शहराला तट असायचा, त्याच्या दरवाजावरचा माणूस. आता त्याच शब्दाचा अर्थ फुटबॉलमधला गोलकीपर होतो. शाळेत मला पोरांनी कायम गोलमध्ये उभं केलं, आणि मी इतके गोल खाल्ले की विचारू नका. पण नाव झकास आहे. माझा कुणी पूर्वज राजा नव्हता, पण राजासुद्धा त्याला विचारल्याशिवाय आत आला नसेल."

बाईंच्या हातातली भाकरी ताटाच्या वरच राहिली. दरवाजा राखणारा. हा एवढा साहेब, आणि याचा बापजादा वेसकर. आणि बेटा खिशात नकाशा घालून हिंडतोय.

त्या काही बोलणार, तेवढ्यात साहेब प्रबोधकडे वळले. "तुझं आडनावही मी शोधत होतो बरं का. तू म्हणाला होतास ना, कोकणात वेस नावाचं गाव आहे, त्यावरून वेसकर? मी गूगल अर्थवर तो किनारा सगळा धुंडाळला. नाहीच सापडलं. मग मला वाटलं, धरणात गेलं असेल. आमच्याकडेही अशी गावं आहेत. गाव बुडालं आणि नाव उरलं. तसंच का?"

प्रबोधनं हातातला घास खाली ठेवला. त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पुटपुटला, "हो... तसंच काहीतरी."

कोकण. जन्मात ज्या घराण्यानं समुद्र पाहिला नव्हता, त्याला पोरानं कोकणात नेऊन बसवलं होतं. पुण्याकडची माणसं आडनावाला कर दिसला की लगेच गाव विचारतात. पोरानं गाव पुरवलं. बाईंना राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली, ती मात्र आडनावाची नव्हे. पाहुणा जेवतोय, ताटावर तमाशा नको, म्हणून त्यांनी आधी साहेबांना भाकरी वाढली. मग त्या उठल्या, आत गेल्या, आणि कपाटातली पाटी आणून साहेबांच्या नकाशावर ठेवली.

"मिस्टर थोरवार्ट, गाव बुडालेलं नाही," त्या वर्गात बोलायच्या तशा खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या. "गाव कधी नव्हतंच. वेस म्हणजे गावाचा दरवाजा. माझे सासरे तो राखत होते. जे तुमचं तेच आमचं. फरक एवढाच की तुमचा माणूस दरवाजाच्या आत झोपत असेल, आमच्या माणसाला गाव आत झोपू देत नव्हतं. तरी चोर आला की पहिली आरोळी त्याचीच. माझ्या मालकांनी हे नाव पितळेत कोरून घेतलं, कारण राखण करणाऱ्यानं मान खाली घालायची नसते, असं त्यांचं म्हणणं होतं."

साहेबांनी हात पुसले. पाटी उचलली, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग ते खुर्चीवरून उठले आणि त्यांनी वाकून बाईंशी हात मिळवला. "मिसेस वेसकर," ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत मला दुसरा थोरवार्ट भेटला नव्हता. आणि हा रोज माझ्या शेजारच्या टेबलाला बसत होता."

"आजी, सो कूल ला," राणी अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "डॅडी, व्हाय यू नेव्हर टेल?"

डॅडी ताटात भाकरीचे तुकडे करत बसला होता.

साहेब गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. एकता भांडी विसळत होती, ती मुद्दाम थांबली नाही. "आई, इथे आलो तेव्हा आम्ही चौघं मराठी पोरं एका फ्लॅटमध्ये राहायचो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, वेसकर म्हणजे कुठले? माझ्या तोंडून निघून गेलं. एकदा सांगितलं की मग तेच सांगत राहावं लागतं."

"तू तर बापाच्या नावाला गाव शोधून दिलंस," बाई म्हणाल्या. "आणि आज ते बुडवलंससुद्धा."

"मला भीती वाटली गं."

हे मात्र त्यानं खरं सांगितलं, आणि बाईंचा राग निम्मा उतरला. भीती म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. बदलीच्या गावी घर मिळेना म्हणून त्या शाळेच्या वर्गात निजल्या होत्या. "भीती वाटते रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांनाही वाटायची. पाटी लावताना त्यांनी दोनदा रस्त्याकडे वळून पाहिलं, मीच धरली होती दुसऱ्या बाजूनं. सोमवारी तुला जायचं तर जा. मी आडवी येणार नाही. पण गाव मात्र पुन्हा काढू नकोस."

रविवारी क्वीन्सटाउनला दिलीपच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. दिलीप म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा प्रबोधचा मित्र, त्या चौघांतलाच एक. खोली मराठी माणसांनी गच्च भरलेली, अळूची भाजी आणि जिलबीचा वास. पुण्याहून नुकतेच बदलून आलेले हेमचंद्र नावाचे एक मॅनेजर ताट घेऊन प्रबोधच्या शेजारी टेकले. इकडचं तिकडचं झालं, आणि मग व्हायचं तेच झालं.

"वेसकर का? वा. म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

पलीकडे दिलीप उत्साहानं उत्तर द्यायला वळला. "अहो, कोकणातलं..."

"नाही रे दिलीप," प्रबोध म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. "तुला मी खोटं सांगितलं होतं. आम्ही मराठवाड्याचे. आजोबा गावाची वेस राखायचे, म्हणून वेसकर. ते महार होते, नंतर बौद्ध झाले. गाव झोपायचं तेव्हा ते जागे असायचे."

हेमचंद्रांचा घास क्षणभर थबकला. दिलीपनं प्रबोधच्या ताटात न विचारता आणखी एक जिलबी टाकली. "इतकी वर्षं मला कोकणात उंडारायला लावलंस होय," तो म्हणाला. "मी मागच्या सुट्टीत आईला घेऊन तुझं वेस शोधणार होतो." मंडळी हसली, हेमचंद्रही हसले.

"आणि तुमचं आडनाव कशावरून आलं?" प्रबोधनं त्यांना सहज, प्रेमानं विचारलं.

हेमचंद्रांनी थोडा विचार केला. "खरं सांगू? कधी विचारलंच नाही कुणाला. घरी फोन करून विचारायला हवं."

शांताबाई बायकांत बसून अळूची भाजी वाखाणत होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी, पण मान वळवली नाही. डोळे भरून आले, तेव्हा जिलबीचा पाक बोटाला लागल्याचं निमित्त करून त्या बेसिनकडे गेल्या. असा अभिमान त्यांना मुलगा इंजिनिअर झाला तेव्हाही वाटला नव्हता.

घरी आल्यावर प्रबोधनं वकिलाला फोन करून सोमवारचं रद्द केलं. मग कपडेही न बदलता ड्रिल काढलं. घर्रघर्र ऐकून मिसेस टॅन आजी दार उघडून बाहेर आल्या, आणि काय चाललंय ते बघत उभ्या राहिल्या. राणीनं एका बाजूनं पाटी धरली, प्रबोधनं दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली.

"आई, उंची बरोबर आहे का?"

शांताबाई कॉरिडॉरच्या कठड्यापर्यंत मागे सरकल्या, चष्मा नीट केला आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"जरा वर घे," त्या म्हणाल्या. "येणाऱ्याला वाचताना मान वर करावी लागू दे."

प्रबोधनं आधीची खूण खोडली आणि पाटी वीतभर वर घेतली.