आमच्या घराचे अकरा पत्रे

माझ्या सासऱ्यांना, देवमन मिस्त्रींना, माणसं चटकन ओळखू येत नाहीत, पत्रे येतात. दारात सख्खा भाचा उभा राहिला तरी "कोन होय वं?" म्हणून मला विचारतील, पण अकोटजवळच्या आमच्या गावातला कुठलाही टिनपत्रा हाती द्या, खिळ्यांची छिद्रं बोटांनी चाचपून घरमालकाचं नाव सांगतील. चाळीस वर्षं गावातली छपरं त्यांनीच ठोकली. चार वर्षांपूर्वी ते छपरावरून पडले, खुबा मोडला, आणि मी त्यांची हातोडी गव्हाच्या कोठीत लपवली. तेव्हापासून ते खाटेवर बसून माझ्यावर रागावलेले असतात. रागावू द्या.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी वावधन सुटलं. असा वारा मी जन्मात पाहिला नाही! कडुनिंब आडवा झाला, विजेचे खांब वाकले, वीस-बावीस घरांचे पत्रे उडून शेतांत जाऊन पडले. आमचेही उडाले. माणसं तेवढी वाचली.

सकाळी अख्खं गाव बाहेर! कोणी कुऱ्हाडीनं फांद्या तोडतोय, कोणी रस्ता मोकळा करतोय, आम्ही बाया शेतातून पत्रे वेचून विहारासमोर आणतोय. ढीग कमरेएवढा झाला आणि भांडण पेटलं. एक कोरा दिसणारा पत्रा नत्थुजींनी इकडून धरला, मैनाबाईंनी तिकडून.

तेवढ्यात आमच्या अंगणातून आवाज आला, "माही खाट उचला अन् तिथं नेऊन ठेवा!"

चौघांनी सासऱ्यांना खाटेसकट उचलून ढिगापाशी आणलं. काय ती मिरवणूक!

"जुन्याच भोकात खिळा गेला पायजे, पयल्यापेक्षा एक नंबर जाड," ते गरजले. "नवं भोक पाडलं का पावसायाभर गयते. नत्थुजी, सोडा ते. मैनाबाईचं हाये. तुमचं थे, कोपरा फाटलेलं."

लोक खो खो हसले, आणि कामाला जो वेग आला! पत्रा खाटेपाशी यायचा, बोटं फिरायची, नाव आणि जागा निघायची, पत्रा डोक्यावरून पळायचा. माझा नवरा अश्विन गावच्या पोरांसोबत एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या मारत ठोकत होता.

"मामाजी, आपलं घर पयले करा," मी म्हणाले. "वर्षाचा गहू उघड्यावर हाये, अन् चारनंतर पाऊस सांगून राहिले."

"मिस्त्रीचं घर शेवटी," ते म्हणाले. असा संताप आला मला!

चार वाजता अकरा पत्रे उरले, आमचे. पश्चिमेला आभाळ काळंभोर. सासऱ्यांनी एक पत्रा चाचपला आणि बोटं थांबली.

"हे काम माहं नाही. माह्या साळ्याचं हाये. म्या तवा बाळापूरले कामावर होतो. पाह्य ना, भोकं कशी वाकडी! कोन्तं कुठचं, मले समजत नाही."

अश्विननं लगेच धामणगाव रेल्वे गावी आपल्या मामांना, धर्मपालांना, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"म्या ठोकले?" मामा ओरडले. "अरे बापा, मी तं शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थरथरतो!"

सासऱ्यांनी हळूच मान वळवली. माझी सासू इंदूबाई पदर खोचत होती.

"म्या ठोकले," ती म्हणाली. "महिनाभर उद्या उद्या करत होते तुमी, मंग बाळापूरले निंघून गेले. अश्विन पोटात होता, सातवा महिना. घरवाली टिनं ठोकते म्हनून लोक तुमाले हसले असते, म्हनून भावाचं नाव सांगितलं. नीलम, हातोडी आन."

कोठीत कोपरापर्यंत हात घालून मी हातोडी काढली. चार वर्षं ज्यांच्यापासून लपवली ते खाटेवर, आणि शिडीवर बासष्ट वर्षांची सासू!

"आई, नुसतं सांग, मी ठोकतो," अश्विन म्हणाला.

"सांगता सांगता पाऊस येईन. टिनं देत जा."

तिनं छिद्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे वळचणीचं. हे चुलीवरचं. हे उलटं करा." ठोक, ठोक, ठोक! खाली आम्ही प्रत्येक खिळ्याला ओरडत होतो, नत्थुजी तर टोपी उडवत होते. सासरे काठीच्या आधारानं उठले आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभे राहिले. शेवटचा खिळा बसला आणि टपोरे थेंब सुरू झाले.

आत येऊन सासरे अर्धा तास वर बघत राहिले. एक थेंब गळला नाही.

"चौतीस वर्षं घर गयलं नाही, अन् साळ्याले हुशार म्हनून राहिलो मी," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले.

पाऊस ओसरला तशी बाहेरून मैनाबाईंची हाक आली, "ओ मिस्त्री, आमचं एक टिन हालून राहिलं!"

सवयीनं सासऱ्यांनी काठी उचलली, आणि परत ठेवली.

"अवं," ते सासूला म्हणाले, "तुले बलावून राहिले."