बाभळीखाली ठेवलेली सीट

प्रिय रेवा आणि निहार,

शशीमामाआजोबांच्या शोकसभेला तुम्ही दोघं तिकडून फोनवर हजर होतात. सभा सांगलीच्या त्यांच्या गॅरेजमध्येच होती; तिथे भिंतीवर टांगलेली पत्र्याची सीट तुम्हाला दाखवली गेली, आणि "ह्याच सीटवर बसून शशीदादांनी शर्यत मारली," असं एकानं सद्गदित होऊन सांगितलं. त्या रात्री निहारनं विचारलं, "आजी, तुझा भाऊ रेसर होता हे तू कधी सांगितलंच नाहीस?" तेव्हा मी काहीच बोलले नाही. माणूस जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. आता काही आठवडे गेले आहेत आणि मला नीट लिहिता येईल असं वाटतं. ती सीट माझी होती.

शशी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न व्हायचं होतं आणि मी साताऱ्याला कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते. आमचे वडील, आप्पा, साताऱ्यातच डॉक्टर. त्यांची दोन दारांची जुनी हेराल्ड मोटार होती. त्यांची नजर अधू झाल्यावर त्यांना म्हसवडपर्यंत पेशंट बघायला मीच घेऊन जायची. महाबळेश्वरच्या घाटात भर पावसात मी ती गाडी चालवली आहे. त्या गाडीला एक वाईट खोड होती. वळणात घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचं चाक पोटाखाली दुमडायचं आणि गाडी गर्रकन फिरायची. वळणात पाय उचलायचा नाही, हे मी घाटातच शिकले. शशीला ते कधीच जमलं नाही. तो इंजिनात हुशार, पण वळण आलं की त्याचा पाय वर.

आप्पांनी नवी गाडी घेतली तेव्हा म्हणाले, "ही जुनी तुम्हा दोघांची. भांडू नका." त्याच सुमारास सांगलीच्या काही हौशी मंडळींनी कवठे महांकाळकडच्या एका माळावर मोटारींची शर्यत ठरवली. चुन्याच्या रेघा, रिकामी पिंपं आणि धूळ, एवढाच ट्रॅक. शशी तेव्हा सांगलीला असायचा, तो साताऱ्याला धावत आला. "ताई, गाडी मी बनवतो, चालवायची तू. माझ्या पायाचं तुला माहितीच आहे!"

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं फार सुखाचं... असं आजही म्हणावं लागतं. दर सुट्टीला मी सांगलीला जायची. मागची बाकडी काढून टाकली. पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला, मागच्या कमानीतला, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमधला, एक पाटा काढून ती लोहाराकडून जरा सपाट करून घेतली. गाडी खाली बसली आणि चाकं वरून आतल्या बाजूला कलली, म्हणजे वळणात पकड वाढली. रिमा कापून, मध्ये लोखंडी पट्टी जोडून रुंद केल्या. राहिली चालवणाऱ्याची सीट. मूळची सोफ्यासारखी, वळणात माणूस घसरत दारावर जायचा. शशीनं ती गूळ आटवायच्या काहिली, त्या मोठ्या कढया, बनवणाऱ्या बाबूरावांकडून पत्र्याची करायची ठरवली. माप कसं घ्यायचं? ओल्या वाळूचं पोतं भरून मला त्यावर बसवलं, पाठीशी दुसरं पोतं. मी श्वास रोखून बसलेली, आणि समोर बाबूराव उकिडवे.

"आवं ताई, हालू नगा. न्हाईतर पत्र्यात जल्मभर वाकडी कंबर ऱ्हाईल तुमची."

"लवकर करा हो, गार लागतंय!"

"गुळाची काहिल आसती तर गरम बसला आसता," म्हणाले, आणि शशी हसून हसून जमिनीवर बसला.

वाळूत पडलेल्या खळग्यावरून त्यांनी पत्रा ठोकला. ती सीट पुढे-मागे सरकत नव्हती. पेडलपर्यंत माझा पाय पोचेल तिथेच बोल्टांनी बसवलेली. शशी अंगानं रुंद. त्यानं एकदा बसून बघितलं तर कमरेपाशी अडकला, त्याला ओढून काढावं लागलं. म्हसवडच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर रविवारी सकाळी आम्ही सराव करायचो. मी चालवायची, तो शेजारी फळीवर बसून ओरडायचा, "वा ताई! पाय नाही उचललास!"

शर्यतीच्या दिवशी मी साताऱ्याहून एसटीनं पोचले. केसांना घट्ट रुमाल बांधला होता. माळावर गाडी उभी होती आणि बाजूच्या बाभळीखाली माझी सीट जमिनीवर ठेवलेली. तिच्यावर कुणीतरी चहाचे ग्लास ठेवले होते.

"शशी, सीट बाहेर का?"

तो बॉनेटखाली वाकलेलाच राहिला. "ताई, आज मीच चालवतो. मंडळींत बोलणं झालंय."

"कसलं बोलणं?"

"तुझं लग्न ठरायचंय. एवढ्या लोकांत... उद्या कुणी काही म्हणालं तर?"

"मग वर्षभर माझं माप कशाला घेतलंस?"

मागून त्याचा एक मित्र ओरडला, "काय रं शशी, ताईंची खुर्ची भाईर काढलीस व्हय? बरं झालं गड्या, पाव्हण्यास्नी बसाय झाली!" सगळे हसले. शशीही हसला. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

माझ्या सीटच्या जागी फळी ठोकून, तिच्यावर गादी टाकून तो बसला. दुसऱ्याच वळणावर पाय उचलला, गाडी फिरली आणि कडेच्या ज्वारीच्या धसकटांत जाऊन थांबली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. मी पुढच्या एसटीनं परत आले.

नंतर आम्ही अबोला धरला असं नाही. दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. तुमचे आजोबा आजारी होते तेव्हा सांगलीहून येऊन रोज दवाखान्यात बसणारा तोच. भाऊ म्हणून त्यानं काही कमी केलं नाही. फक्त त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही, आणि तो असेपर्यंत मी त्याच्या गॅरेजची पायरी कधी चढले नाही. त्यामुळे आत भिंतीवर काय टांगलंय आणि त्याखाली उभं राहून तो इतकी वर्षं लोकांना काय सांगतोय, हे मला कळलंच नाही. माळावरचा एक दिवस मी कधीतरी माफ केला असता... पण वाळूचं पोतं, बाबूराव, म्हसवडचा रस्ता, ते सगळंच त्यानं स्वतःच्या नावावर करून टाकलं होतं.

शोकसभा संपल्यावर मी त्याच्या मुलाला, मंदारला म्हटलं, "ती सीट खाली काढ."

"आत्या, बाबांची आठवण आहे गं ती."

"काढ. आणि बस तिच्यात."

मंदार बापासारखाच रुंद. तो कमरेपाशी अडकला. मग मी बसले. म्हातारपणी अंग वाळलंय, तरी पाठ बरोबर पत्र्याला टेकली. "पण बाबा तर सांगायचे..." मंदार म्हणाला. त्यानंच ती सीट गाडीत घालून साताऱ्याला आणून दिली.

ती सीट शर्यतीत कधी उतरलीच नाही. मीही नाही. एवढं तुम्हाला माहीत असावं.

हेराल्ड केव्हाच भंगारात गेली. बाबूराव गेले, शशी गेला. सीट माझ्या मागच्या खोलीत खिडकीपाशी आहे, आणि ती माझ्या मापाची आहे.

तुमची आजी