चार हजार शहाण्णव कड्या

भिंगमावशीला माणसं आवडत नाहीत, असं तिच्या घरचे म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. काम न येता कामावर बोलणारी माणसं तिला आवडत नसत. आता जगात त्यांचीच भरती जास्त असली, तर त्याला ती तरी काय करणार!

वय बहात्तर. धाकट्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहायची. पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. बावीस वर्षं तिनं चष्म्याच्या दुकानात काड्यांचे स्क्रू बसवले होते. 'भिंग' हे नाव मात्र त्याच्याही आधीचं, कारखान्यातलं. तिथं ती डोक्याला पट्टा बांधून, डोळ्यांपुढे भिंग लावून आठ-आठ तास बसायची.

कारखान्यात कॉम्प्युटरची मेमरी विणली जायची. हो, विणलीच जायची, आणि तीही हातानं. लांबलचक खोली, खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग, आणि ओळीनं बसलेल्या अडतीस बायका. प्रत्येकीपुढे एक चौकट. चौकटीत खसखशीच्या दाण्याएवढ्या काळ्या कड्या, आडव्या चौसष्ट आणि उभ्या चौसष्ट. म्हणजे एकूण चार हजार शहाण्णव. केसासारख्या तांब्याच्या तारा त्या कड्यांतून ओवायच्या. बायका त्याला 'जाळी' म्हणत. एक जाळी पुरी व्हायला पंधरा दिवस लागत. मधेच कुणी शिंकलं, तर कड्या उडून जात आणि शिंकणारीला आठवडाभर बोलणी खावी लागत.

ही जाळी कशासाठी, ते बायकांना कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. मावशीनं ते तपासणीच्या खोलीच्या दारात उभं राहून, विचारून विचारून काढून घेतलं. प्रत्येक कडी म्हणजे एक उत्तर, 'हो' किंवा 'नाही'. आडवी तार आणि उभी तार मिळून कडीला विचारतात. तिसरी एक तार सगळ्या जाळीभर फिरते, ती उत्तर ऐकते. पण एका कडीला विचारलं की तिच्या ओळीतल्या बाकीच्याही उगीच कुजबुजतात. ती कुजबुज आपसातच मिटावी म्हणून ऐकणारी तार अर्ध्या कड्यांतून एका बाजूनं घालायची आणि अर्ध्यांतून उलट्या बाजूनं. एवढी साधी गोष्ट. पण ती कळली त्या दिवशी मावशी घरी चालत आली, बस घ्यायची विसरली.

खोलीवर सुपरवायझर होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा, उंटावरून शेळ्या हाकणारा. पाहुणे आले की तो त्यांना बायकांच्या पाठीमागून फिरवायचा आणि म्हणायचा, "यांची बोटं नाजूक असतात, आणि डोक्याला काही काम नसतं, म्हणून हे जमतं." पाहुणे माना डोलवायचे. मावशी भिंगाखालून मान वर करायची नाही. तिनं त्याचे बूट तेवढे पाहून ठेवले होते, आणि तिच्या मते त्या माणसात बघण्यासारखं तेवढंच होतं.

मग एका नव्या यंत्राचं काम आलं. तारा कशा ओवायच्या त्याचा नवा नकाशा आला. आणि जाळ्या नापास होऊन परत यायला लागल्या. पहिल्या चार, मग नऊ, मग सगळ्याच. सुपरवायझरनं फळ्यावर नोटीस लावली: बायकांचा हलगर्जीपणा. तीस जाळ्या उसवून पुन्हा विणा.

उसवताना मावशीच्या ध्यानात आलं, की प्रत्येक जाळी एकाच कोपऱ्यात नापास झालीय. अडतीस बायका, शहात्तर हात, आणि चूक मात्र एकाच जागी? असा हलगर्जीपणा तिनं कधी पाहिला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तिनं नकाशा उतरवून घेतला आणि बोट ठेवून ऐकणारी तार मोजत गेली. जाळीचे चार चौकोन पाडलेले होते. तीन चौकोनांत तार बरोबर बाजू बदलत होती. चौथ्यात बदलतच नव्हती. कुजबुज मिटण्याऐवजी साठत जात होती.

ती सुपरवायझरकडे गेली. "साहेब, नकाशा चुकलाय. चौथ्या चौकोनात तार उलट बाजूनं जायला हवी."

त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, तुम्ही भरतकाम करा. नकाशे वाचायला आम्ही आहोत."

आठच दिवसांत नवा नकाशा आला. चौथा चौकोन बदललेला, आणि खाली कोपऱ्यात सुपरवायझरची सही. त्या सुधारणेबद्दल त्याला वरच्या ऑफिसात बढती मिळाली, खोलीत पेढा वाटावा तसा त्यानं हात हलवून निरोप वाटला आणि तो गेला. हलगर्जीपणाची नोटीस मात्र फळ्यावर पिवळी पडेपर्यंत तशीच राहिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मावशीनं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

बोलून ऐकणार कोण? पुढे सहा-सात वर्षांत चिप आली. नखाएवढ्या तुकड्यात अख्खी जाळी. खोली एका आठवड्यात रिकामी झाली, बायका पांगल्या, कुणी शिवणकामाला, कुणी संसाराला. चिपबद्दल मावशीच्या मनात आकस नव्हता. ती चांगली वस्तू होती, कुणीतरी डोकं लावून केलेली. तिचा राग माणसांवर होता, आणि तो तिनं नीट, कोरड्या जागी, पन्नास वर्षं जपून ठेवला.

आता तिच्या भाचीचा नवरा. विमा कंपनीत नोकरी, आणि जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद. पलंगाखाली कीबोर्ड, माळ्यावर मॉनिटर, न्हाणीघराच्या खिडकीत एक प्रिंटर. मावशीच्या मते तो गाढव होता, पण लाथ न मारणारं गाढव. त्याच्यासारख्याच पंधरावीस जणांचं एक मंडळ होतं. बंद पडलेल्या शाळेच्या दोन वर्गखोल्या घेऊन त्यांनी तिथं संग्रहालय मांडलं होतं.

एका दुपारी तो मोबाइलवर फोटो दाखवत सासूला सांगत होता, "कपाटाएवढं यंत्र मिळालंय आम्हाला. सगळं जमलं, पण मेमरीच्या एका पट्टीतल्या तारा तुटल्यात. आता हे जोडणारं जगात कुणी नाही."

मावशी शेंगा सोलत होती. तिनं चष्मा वर केला, फोटो पाहिला. "पट्टी कसली? जाळी म्हणतात तिला. आणि उलटी धरलीये कुणा शहाण्यानं."

जावयाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि ही बाई आयुष्यभर काय करत होती हे त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही... तुम्ही हे केलंय?"

"नाही. झाडाला लागायच्या, आम्ही तोडून आणायचो."

मंडळानं मग तिला यायचं आमंत्रण दिलं. दुरुस्तीला नव्हे, आधी सत्काराला. काम करून घ्यायच्या आधी हार घालायचा, म्हणजे माणूस नाही म्हणत नाही, एवढी अक्कल त्यांना होती.

ती गेली. वर्गखोलीत टेबलांवर यंत्रं मांडलेली, प्रत्येकासमोर पाटी: हात लावू नका. मंडळाचे सभासद प्लॅस्टिकच्या रंगावर बोलत होते. कुठल्या वर्षीचा करडा अस्सल आणि कुठला नकली, यावर दोघांचं भांडण चालू होतं. "चालतं का यातलं काही?" तिनं विचारलं. एक जण दुखावल्यासारखा म्हणाला, "मावशी, चालू केलं तर झिजेल ना." ती जावयाकडे वळून म्हणाली, "यांना बाहुल्या आणून द्यायच्या होत्या. स्वस्तात काम झालं असतं."

जाळीच्या कपाटावर पाटी होती: 'अज्ञात महिला कामगारांच्या नाजूक हस्तकौशल्याचा नमुना.' ती दोनदा वाचून मावशीनं पर्समधून पेन काढलं, 'अज्ञात' खोडलं, 'नाजूक'ही खोडलं, आणि पेन परत ठेवलं. मंडळाच्या अध्यक्षांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग प्रमुख पाहुणे आले. चाकाच्या खुर्चीतून, मुलीनं ढकलत आणलेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, पायांत चकचकीत बूट. मावशीनं आधी बूट ओळखले, मग माणूस.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ज्या काळी सगळा कारखाना हवालदिल झाला होता, त्या काळी यांनी एकट्यानं बसून नकाशातली चूक हुडकून काढली, असं ते सांगत होते. टाळ्या झाल्या. खुर्चीतल्या माणसानं हात हलवला, पूर्वी हलवायचा तसाच.

मावशी उभी राहिली. जावयानं तिचा पदर धरायला हात पुढे केला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. चौथ्या चौकोनात ऐकणारी तार कोणत्या बाजूनं जाते?"

सगळ्यांना वाटलं, जुन्या माणसांचा काही गोड संवाद होणार. खुर्चीतल्या माणसानं तिच्याकडे पाहिलं. डोळे धुरकट झाले होते. तो बराच वेळ ओठ हलवत राहिला.

"बाजू?" तो म्हणाला. "ते बायकांना विचारा. त्यांना ठाऊक असायचं सगळं. मला कुठं काय ठाऊक!"

लोक हसले. काय विनोदी माणूस, अशा अर्थानं. मुलीनं त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि मावशीकडे बघून ओशाळं हसली. "त्यांना आता काही आठवत नाही हो. घरात आम्हालाही ओळखत नाहीत."

मावशी खाली बसली. पन्नास वर्षं तिनं या माणसाला सुनावायचे शब्द घासूनपुसून ठेवले होते. आंघोळ करताना, स्क्रू पिळताना, बसच्या रांगेत. आणि तो कबूल करून मोकळा झाला होता. चारचौघांत, अगदी सहज. कदाचित तेव्हाही लपवायचं असं त्याच्या मनात काही नसेल. टेबलावर एक बरोबर गोष्ट आली, त्यानं सही केली, आणि ती कुठून आली हे जेवायच्या वेळेपर्यंत विसरूनही गेला. ज्याला आपण काय चोरलं हेच ठाऊक नाही, त्याला चोर तरी कसं म्हणायचं? आणि अशा माणसासाठी आपण अर्धं आयुष्य दात-ओठ खात बसलो! त्या दिवशी त्या खोलीत तिला सगळ्यात मूर्ख कुणी वाटलं असेल, तर ती स्वतःच.

तिच्या गळ्यात हार पडला. तिनं तो काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि अध्यक्षांना म्हणाली, "भाषण राहू द्या. जाळी कुठंय? दिवा आणा, भिंग आणा, आणि ही बोलकी माणसं बाहेर घालवा."

चार गुरुवार गेले. दर गुरुवारी ती दहा वाजता जाई आणि चार वाजता परत येई. बोटं पूर्वीची राहिली नव्हती. पहिल्या दिवशी एक तार ओवायला तास लागला आणि तिनं स्वतःला अशा शिव्या घातल्या, की बाहेर करड्या रंगावर भांडणारे दोघं गप्प झाले. तारांबरोबर एकशे बारा कड्याही फुटल्या होत्या. त्या तिनं दुसऱ्या मोडक्या जाळीतून काढून बसवल्या. जावई चिमटा धरून शेजारी बसायचा. त्याला दोन तारा ओवायला दिल्या होत्या. त्यानं ओवलेलं ती सहा वेळा उसवून म्हणाली, "तुमचा हात म्हणजे स्वयंपाकघरातली सांडशी." पण तो उठून गेला नाही, हे तिनं मनात लिहून ठेवलं.

पाचव्या गुरुवारी यंत्र चालू केलं. पडद्यावर चौसष्ट बाय चौसष्टचा चौकोन उमटला. सगळे ठिपके उजळले, एक सोडून. मंडळ नाचायला लागलं. "मावशी, चार हजार पंचाण्णव! कमाल आहे!"

"कमाल कसली?" ती म्हणाली. "एक राहिलाय." आणि यंत्र बंद करायला लावून तिनं जाळी परत बाहेर काढली. सगळ्यांचे चेहरे पडले. केक कापायचा राहिला. कडीला केसाएवढी चीर होती. ती सापडायला साडेतीन तास लागले. मग मात्र सगळे ठिपके लागले, आणि तोवर अर्धे सभासद कंटाळून घरी गेले होते. यावरून तिनं त्यांची जी किंमत केली, ती पुढे कधी बदलली नाही.

अध्यक्षांनी तिला मंडळाचं मानद सभासदत्व देऊ केलं. तिनं नाही म्हटलं. मात्र अजून दोन मोडक्या जाळ्या कपाटात पडल्यात हे तिनं पाहिलं होतं, आणि त्या या लोकांच्या हाती ठेवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मग तिनं जुन्या पत्त्यांवर फोन फिरवले. अडतिसांतल्या बऱ्याचशा गेल्या होत्या, काही परगावी होत्या. एक सापडली. नेमकी तीच, जिला सगळ्या खोलीत 'धांदरट' म्हणत आणि जिची जाळी मावशीनं स्वतः तीनदा उसवली होती. पण डोळे शाबूत होते, आणि यायला तयार होती.

पुढच्या गुरुवारी दोघी जिना चढून वर आल्या. दारातच धांदरट थांबली. आत चार मोठी माणसं बाह्या वर करून, घमेल्यात साबणाचं पाणी घेऊन, जुन्या कीबोर्डांची एकेक कळ टूथब्रशनं घासत बसली होती. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर अतिशय गंभीर भाव.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हे काय, भांडी घासतायत?"

"घासू दे," मावशी म्हणाली. "तेवढं तरी येतंय त्यांना."