वीरूच्या वाट्याचे ‘छान’

सोमवारच्या भजनानंतर प्रसाद वाटून होईपर्यंत आमच्या मंडळात एक तरी किस्सा निघतोच. वीरभद्राचे, म्हणजे आमच्या वीरूचे, तर इतके साठले आहेत की कोणी पाहिले आणि कोणी नुसते ऐकले, हा फरकच उरलेला नाही. मी पाहिलेलेच सांगतो.

वीरू हा आमच्या उदगीरच्या मंडळाचे पखवाजी शिवलिंगअप्पा यांचा मुलगा. अप्पांचा नियम कडक. ज्याचे वाजवणे विचारात घेण्याजोगे, त्याचीच चूक काढायची. इतरांना ‘छान हाय’ म्हणून वाटेला लावायचे.

वीरूने अप्पांच्या कापडदुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर पहिली चाल बांधली. अप्पांनी उभ्या उभ्या ऐकली. “छान हाय,” म्हणाले आणि गिऱ्हाईकाकडे वळले. वीरूचा चेहरा मी पाहिला आहे.

*

नांदेडच्या कॉलेजातील मुलांनी मोबाइल गेम केला, संगीत वीरूचे. त्याने ते मंडळाला ऐकवले. तीच चाल फिरून फिरून येत राहिली. टाळकरी बसप्पा वैतागले, “अरे, समाप्ती कुठंय ह्याची?”

“खेळणारा जिंकला की, काका.”

“आन् न्हाई जिंकला तर?”

“वाजतच राहतं.”

“मंग गुरुजींच्या प्रवचनावानीच हाय की!”

गुरुजी म्हणजे मी.

*

पुढे हैदराबादच्या गेम बनवणाऱ्या स्टुडिओत वीरूला नोकरी लागली. गेममधल्या लढाईच्या प्रसंगासाठी त्याने आम्हांलाच वाजवायला बोलावले. आम्ही चपला बाहेर काढल्या, माइकला नमस्कार केला. स्टुडिओवाल्यांना एकच मिनिट हवे होते. मिनिट झाल्यावर काचेपलीकडचा माणूस हात हलवू लागला. भजन मध्येच तोडण्याची आमच्यात रीत नाही. मंगलारती करूनच थांबलो!

“ह्यातलं कुठलं मिनिट घ्यायचं?” त्याने विचारले.

वीरू म्हणाला, “सगळं घ्या. लढाई लांबवा!”

लढाई खरोखरच लांबली. अप्पा मात्र घरी ऐकून म्हणाले, “छान हाय.”

*

परदेशातल्या मोठ्या कंपनीने त्याला घेतले, तेव्हा गावात सत्कार झाला. ‘गेम’ एवढेच ऐकून आलेल्या अध्यक्षांनी त्याला क्रिकेटची बॅट दिली! वीरूने ती वाकून घेतली. विद्येला नम्रतेची जोड असली की ती शोभते.

*

त्या कंपनीच्या गेममधले शेवटचे संगीत जिंकणाऱ्यालाच ऐकू येते. पखवाज वीरूने स्वतः वाजवलेला. “अप्पा, मोबाइलवर लावून देतो,” सुट्टीवर आलेला वीरू म्हणाला.

“आयतं नको.”

सत्तरीच्या अप्पांनी कंट्रोलर हातात घेतला. रोज दुकान बंद करून खेळत. मागे अख्खे मंडळ. “अप्पा, डावीकडं! डावीकडं पळा!”

नवव्या दिवशी जिंकले. संगीत सुरू झाले. अप्पांनी डोळे मिटले, बोटे मांडीवर ठेवली. संपल्यावर डोळे उघडून वीरूकडे वळले.

“तिसऱ्या आवर्तनात समेवर यायची घाई केलीस,” अप्पा म्हणाले. “सोमवारी बस माझ्यापाशी.”

वीरूचे विमान रविवारचे होते. त्याने मोबाइल काढला आणि आमच्यादेखत तिकीट रद्द केले!