टपाकडे वळवलेला आरसा

केशवापूरहून मला बाजारात नेणारे आमचे एक नेहमीचे रिक्षावाले आहेत, ते बोलतात भरपूर, पण मान कधी मागं वळवत नाहीत. सगळं हँडलला सांगितल्यासारखं सांगतात, मधनंमधनं 'हो ना' म्हणावं तसं एक कानडी 'हौद्री' घालत.

त्या दिवशी मात्र गप्पच होते. मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "पोरगं चौदाचं झालं, अक्का. पहाटे उठून आपली चड्डी आपणच धुतंय, दिवसभर कुणाशी बोलत नाही. मला कळतंय हो काय ते. पण त्याच्या समोर बसलो की जीभच उचलत नाही."

"मग समोर बसताच कशाला?" मी म्हटलं. "माझ्याशी इतकी वर्षं तोंड न बघताच बोलताय की!"

ते हसलेसुद्धा नाहीत. पण रविवारी त्यांनी पोराला मागच्या सीटवर बसवलं, आतला आरसा टपाकडे वळवला आणि रिक्षा उणकलच्या तळ्याकडे काढली. आधी स्वतःच्याच चौदाव्या वर्षाचं सांगितलं, झोपेत कपडे कसे ओले व्हायचे आणि किती घाबरायला व्हायचं ते. मग पोरानं हळूच विचारलं, "म्हणजे अप्पा, हा रोग नव्हे?"

"नव्हे रे राजा. वय आहे ते."

हे सगळं पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी मला हँडलकडे बघतच सांगितलं. माझं लक्ष वर गेलं, तर आरसा अजून टपाकडेच.

"सरळ करा की आता तो."

"राहू द्या, अक्का. पोरगं या रविवारी परत जाऊया म्हणालंय."