हाय-रिस्क ब्रेककाका

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये आणि आसपासच्या गावांत जेवढी मराठी माणसं आज गाडी चालवून धडधाकट घरी पोहोचतात, त्यांतली निम्मी ब्रेककाकांमुळे पोहोचतात, असं ब्रेककाकांचं ठाम मत आहे. उरलेली निम्मी केवळ नशिबानं पोहोचतात, हे त्यांचं दुसरं मत. काकांचं खरं नाव इथे फारसं कुणी घेत नाही. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म गाड्यांचे ब्रेक बनवण्यात घालवला, म्हणून ते ब्रेककाका. ते माझे सख्खे, चुलत, मावस असे कुठलेच काका नव्हेत. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं घर होतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारात उभं राहून मला बजावलं होतं की गाडी नवऱ्याकडून शिकायची नाही, त्यानं संसार मोडतात. नवरा मागेच उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद स्पष्ट दिसत होता. अशा रीतीनं मी काकांची शिष्या झाले.

काकांची शिकवण्याची पद्धत जगावेगळी. सुरुवातीला त्यांनी मला गाडी चालवू दिलीच नाही, फक्त थांबवू दिली. देवळामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ते गाडी जराशी पुढे जाऊ देत आणि मी ब्रेक लावायचा. पुन्हा जराशी पुढे, पुन्हा ब्रेक. गाडी काय, कुणीही पळवेल, म्हणायचे, थांबवायला अक्कल लागते. स्वतः शेजारच्या सीटवर बसत, पण त्यांचा उजवा पाय निवृत्त झालेला नव्हता. समोर स्टॉप साइन दिसली की तो पाय पायपुसणीवर दाणकन आपटायचा. तिथे ब्रेक नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण पायाला ठाऊक नव्हतं. त्या आपटण्यानं पायपुसणीला भोक पडलं, तेव्हा काकूंनी मुलाच्या जुन्या जीन्सचं ठिगळ लावून दिलं. दुसरं वेड मान वळवण्याचं. लेन बदलताना आरशात बघितलं एवढं पुरायचं नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघायचंच. ज्याची मान वळत नाही त्यानं स्टिअरिंगला हात लावू नये, हा त्यांचा कायदा. इंडियन स्टोअरमध्ये डाळींच्या रांगेतून ट्रॉली वळवतानाही ते मान वळवून मागे बघत, आणि मागून येणाऱ्या काकूंनी हात दाखवल्याशिवाय वळत नसत.

विमा हा त्यांचा तिसरा विषय. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या कुठल्याही पॉटलकला श्रीखंडाची वाटी हातात पडली की काकांचं प्रवचन सुरू होई. कोणत्या राज्यात किमान किती विमा सक्तीचा, समोरच्याच्या दुखापतीचा वेगळा, त्याच्या गाडीचा वेगळा, आपल्या दवाखान्याचा वेगळा, सगळं तोंडपाठ. मिशिगनमध्ये चूक कुणाचीही असो, ज्याचा दवाखाना त्याच्या विम्यानं बघायचा, हे ते इतक्या अभिमानानं सांगत की हा नियम त्यांनीच करून दिला असावा असं वाटे. श्रूजबरीच्या त्यांच्या पुतणीनं फोनवर नुसतं नवी गाडी घेतली म्हटलं तरी तिला मॅसॅच्युसेट्सचे सगळे नियम ऐकावे लागत. मात्र या सगळ्या विद्वत्तेला एक मोठं भोक होतं. काकांना नियम पाठ होते, पण श्रद्धा होती ती स्वतःच्या लॉजिकवर. दर हिवाळ्यात दोघं कोल्हापूरला जात. निघताना आपल्याकडे गावाला जाणारा माणूस दुधाचा रतीब बंद करतो, पेपर बंद करतो, तसे काका गाडीचा विमाही बंद करत. गॅरेजमधली गाडी म्हणजे कपाट, कपाटाला कुणी विमा घेतं का, हा त्यांचा सवाल. परत आल्यावर एक फोन केला की रतीब पुन्हा सुरू. माझ्या नवऱ्यानं एकदा चाचरत म्हटलं की काका, विम्यात खंड पडलेला चालत नाही म्हणतात. काकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं आणखी दोन पुऱ्या वाढून घेतल्या आणि विषय संपवला.

मग तो पाडवा आला. दोघं आदल्याच दिवशी कोल्हापूरहून परतले होते. बाहेर मार्चमधला हट्टी बर्फ अजून पडून होता. डेकच्या कठड्याला गुढी बांधली होती, तिच्यावरची जरीची चोळी थंडीनं ताठ झाली होती, आणि काका दरवर्षीप्रमाणे गाडीची पूजा करत होते. बॉनेटवर हळदकुंकू, नारळ ड्राइव्हवेच्या कडेला फोडलेला, चाकाखाली लिंबू. आता लिंबू चाकाखाली ठेवलं म्हणजे गाडी पुढे जायलाच हवी, त्याशिवाय शकुन पुरा होत नाही. विमा सुरू करायचा फोन अजून राहिला होता. ऑफिस उघडायचं होतं. काकू म्हणाल्या, अहो, थांबा की जरा. पण मुहूर्त थांबत नाही आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायला विमा कसला लागतो, असं म्हणून काकांनी गाडी काढली. लिंबू चिरडलं, शकुन झाला, आणि कोपऱ्यावर परत वळताना आयुष्यभर ब्रेक बनवलेल्या माणसाची गाडी बर्फावरून हळूहळू, अगदी सभ्यपणे घसरत गेली आणि समोरच्या गोऱ्या आजोबांच्या पोस्टाच्या पेटीवर टेकली. पेटी आडवी झाली. कुणाला काही लागलं नाही. आजोबा तर हसत बाहेर आले होते. पण तेवढ्यात गस्तीची पोलिसगाडी तिथून गेली आणि थांबली.

पोलिसानं विम्याचा पुरावा मागितला. काकांनी त्याला कपाटाचं लॉजिक समजावलं. कपाट रस्त्यावर कसं आलं, असं त्यानं शांतपणे विचारलं, हे मी स्वतः ऐकलं आहे. बॉनेटवरचं कुंकू बघून तो दचकला होता, म्हणून काकूंनी त्याला सणाचं सांगून वाटीभर शिरा दिला. त्यानं तो उभ्यानं खाल्ला, फार छान आहे म्हणाला, आणि तिकीट लिहिलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्यानं काकूंची झोप उडाली. काही काळ लायसन्स गेलं. ते परत मिळणार होतं ते एका अटीवर: पुढची तीन वर्षं विमा कंपनीनं स्वतः राज्याला कळवत राहायचं की हा माणूस विम्यात आहे, आणि एक दिवस जरी खंड पडला तरी तेही कळवायचं. जुन्या कंपनीनं दुरूनच नमस्कार केला. दुसऱ्यांनी नाव घातलं की संगणकावर एकच शब्द यायचा, हाय-रिस्क. ज्या राज्यात कायद्यानंच कुणाची चूक बघत नाहीत त्या राज्यात एकट्या माझी चूक काढली, असं काका घरभर म्हणत फिरायचे. एकदा तर ते न्यू हॅम्पशरला राहायला जायला निघाले, कारण तिथे सर्वसाधारण माणसाला विमा सक्तीचा नाही. श्रूजबरीच्या पुतणीनं फोनवर हळूच सांगितलं की काका, तुमच्यासारख्यांना तिथेही घ्यावा लागतो. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

पण खरा घाव देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, रेडमंडहून आला. मुलगा तिथे मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. प्रेमळ आहे, पण घाईत असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं, "बाबा, इनफ नाऊ. घर सेलला लिस्ट करू या. इकडे या, खालचा फ्लोअर पूर्ण तुमचा." चुकीचं काहीच नव्हतं. ट्रॉयमध्ये गाडी नाही म्हणजे दूध नाही, देऊळ नाही, डॉक्टर नाही. आमच्या रस्त्याला तर धड फुटपाथही नाही. विमा मिळाला नाही तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर घर गेलं. काकू शेजारी बसून ऐकत होत्या. बाहेर टबमध्ये त्यांचा कढीपत्ता होता, माणसाच्या खांद्याएवढा वाढलेला, दर थंडीत आत आणून जगवलेला. त्या एवढंच म्हणाल्या की विमानात झाड नेऊ देतात का ते विचार. हे ऐकून काका उठले आणि कपाटातून सूट काढला. मला अजूनही वाटतं, तो सूट गाडीसाठी नव्हता, त्या झाडासाठी होता.

सूट घालून, टाय लावून काका एकेका विमा एजंटाचं दार ठोठावू लागले. लायसन्स नव्हतं, म्हणून गाडी मी चालवायची. फोनवर बटणं दाबणार नाही, माझी चूक ज्याला सांगायची त्यानं माझ्या तोंडावर सांगावी, हा हट्ट. शेवटी नखं रंगवायच्या दुकानाशेजारच्या एका लहानशा ऑफिसात निळ्या केसांची एक तरुण मुलगी भेटली. तिनं नाव घातलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि संकोचून तोच शब्द उच्चारला. काका ताठ बसले. "तू आज सकाळी गाडीनं आलीस ना, आणि थांबायचं तिथे थांबलीस ना? त्या थांबण्यात माझा हात आहे." ते इंग्रजीत म्हणाले, पण कोल्हापूरच्या सुरात. मुलगी घाबरली नाही. तिनं खुर्ची त्यांच्या बाजूला वळवली आणि सांगितलं की हाय-रिस्क म्हणजे तुम्ही वाईट चालवता असं नव्हे, तुमच्या विम्यात वारंवार खंड पडला आणि विम्याशिवाय तुम्ही रस्त्यावर आलात, एवढंच. अशांनाही विमा देणाऱ्या कंपन्या असतात, महाग पडतात, पण असतात. आणि इंडियाला जाताना विमा बंद करायचाच नाही. गाडी उभी राहणार असेल तर उभ्या गाडीपुरता छोटा विमा ठेवायचा, म्हणजे खंड पडत नाही, पण या तीन वर्षांत मात्र तेही नको, पूर्णच ठेवा. काकांनी टायची गाठ सैल केली. मग म्हणाले, "म्हणजे कपाटालाही विमा असतो." मी त्यांना कुणापुढे हार मानताना पाहिलं ते तेवढंच.

अर्थात हार मानली ती नियमापुढे, शब्दापुढे नव्हे. लायसन्स परत आल्यावर त्यांनी राज्याकडे खास नंबरप्लेट मागवली, तिच्यावर इंग्रजीत अक्षरं होती: हाय रिस्क. राज्यानं दिलेली पदवी राज्याच्याच पत्र्यावर मिरवणार, म्हणाले. पहिल्या दिवशी काकू देवळात जाताना शालीनं तोंड झाकून बसल्या होत्या. गणपतीत पार्किंगमध्ये लोक त्या गाडीपाशी उभं राहून फोटो काढत, आणि काका प्रत्येकाला विम्यात खंड पाडू नका हे प्रवचन देत. आता ते स्वानुभवाचं असल्यामुळे जास्तच लांबे. ती प्लेट लावून मात्र ते असं चालवत की हायवेवर मागचे लोक वैतागून जात. पिवळा दिवा दिसायच्या आधीच थांबत. तीन वर्षं दोघं कोल्हापूरला गेले नाहीत. काकांना वाटे आपण तिथे असताना इथे काहीतरी खंड पडेल. मुलगा दर कॉलला इकडे कधी येताय विचारायचा आणि काका दर कॉलला म्हणायचे, मला थांबायचं तेव्हा मी थांबेन, थांबण्यातलं मला कळतं.

या वर्षीच्या पाडव्याच्या आधी त्या निळ्या केसांच्या मुलीचा फोन आला. मुदत संपली होती. आता राज्याला काही कळवायचं नव्हतं. पाडव्याला सकाळी काकांनी मला बोलावलं, गाडी घेऊन ये म्हणाले. मी गेले तर त्यांची गाडी गॅरेजमध्ये स्वच्छ धुऊन उभी, बॉनेटवर हळदकुंकू, पण चाकाखाली लिंबू नव्हतं. लिंबू त्यांच्या हातात होतं. ते वाकले, कमरेला हात लावून, आणि त्यांनी ते माझ्या गाडीच्या चाकाखाली ठेवलं. मी विचारलं, काका, हे काय.

"मान वळत नाही गं," ते म्हणाले. "दिवाळीपासून. डावीकडे तर अजिबातच नाही. तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, मी खांदेच वळवत होतो." मग त्यांनी किल्ली काकूंच्या हातात दिली. "राज्य, कंपन्या, मुलगा, सगळे म्हणत होते तेव्हा गाडी सोडली असती, तर ती त्यांनी काढून घेतली असं झालं असतं. आज मी सोडतोय."

घर विकलेलं नाही. काकांनी शिकवलेल्या आम्ही बायकांनी वार वाटून घेतले आहेत. दूध, देऊळ, डॉक्टर, सगळं होतं. मुलगाही आता काही म्हणत नाही. त्यांची गाडी गॅरेजमध्ये आहे, उभ्या गाडीचा विमा चालू आहे, आणि काकूंचा कढीपत्ता तिच्याच शेजारी हिवाळा काढतो.

त्या पाडव्याला लिंबावरून गाडी काढून मी देवळाच्या रस्त्याला लागले. काकू मागे, काका शेजारच्या सीटवर, खिडकीतून बाहेर बघत. मी लेन बदलताना मुद्दाम मान जास्तच वळवली. त्यांची नजर खिडकीबाहेरच होती. त्यांचा उजवा पाय पायपुसणीवर नुसता पडून होता. मला ते बघवेना. पुढे स्टॉप साइन होती. रस्ता रिकामा होता, म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय वेळेवर काढला नाही, गाडी थोडीशी तशीच जाऊ दिली.

दाणकन आवाज झाला. काकांचा पाय पायपुसणीवर पडला होता आणि चेहरा लाल झाला होता. एवढी वर्षं डोकेफोड करून शिकवलं त्याचं हेच चीज केलंस का, असं विचारत ते पुढच्या स्टॉप साइनपर्यंत मला रागावत राहिले. आरशात काकूंनी पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला. मी सॉरी म्हटलं आणि मन लावून पुढचा सगळा ओरडा खाल्ला.